संभावित चोराच्या कथा

संभावित चोराच्या कथा : गुन्हेगारी कथेचा एक उपप्रकार. समाजात प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून वावरणारा, सुशिक्षित, रुबाबदार, विनोदबुद्धी असलेला आणि शक्यतो रक्तपात टाळणारा चोर हा या कथांचा नायक होय. त्याला पकडू पाहणारा पोलीस अधिकारी किंवा गुप्तहेर येथे दुय्यम, क्वचित हास्यास्पदही ठरतो. हेरकथेत वाचकाची सहानुभूती कायद्याच्या बाजूस असते. या कथांत ती हेतुपुरस्सर उलट बाजूस वळविलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये या प्रकाराला निश्चित रूप लाभले. इंग्रजीतील ‘जंटलमन’ या शब्दाला मराठीत ‘सद्‌गृहस्थ’ किंवा ‘सभ्य गृहस्थ’ असे पर्याय आहेत. परंतु ‘संभावित’ या शब्दातून प्रतिष्ठेबरोबरच त्या प्रतिष्ठेच्या खरेपणाविषयीची जी शंका मराठी कानाला ऐकू येते, ती या नायकाच्या बाबतीत यथार्थ असल्यामुळे येथे तोच शब्द योजिला आहे.

या कथांचा इतिहास जितका लेखकांचा, तितकाच तो वाचकांचा आहे. चोर नायक म्हणून आवडतो, याविषयी फारसा वाद कधी झाला नाही. तो आवडावा की आवडू नये, आणि आवडतो तो नेमका कशामुळे, याविषयी मात्र जवळजवळ तीन शतके वाद चालू आहे. या वादात कथाकारांचे आप्त, प्रतिस्पर्धी, तत्त्वज्ञ आणि राजकीय निबंधकार अशा नाना प्रकारच्या वाचकांनी भाग घेतला. त्यांनी चोराविषयी जे निवाडे दिले, त्यांवरून चोरापेक्षा त्या त्या समाजातील ‘सभ्य’ या कल्पनेचीच अधिक माहिती मिळते.

पूर्वपीठिका : चोराच्या कौशल्याचे कौतुक करणारे साहित्य प्राचीन आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकातील शर्विलक हा ब्राह्मण असून वसंतसेनेची दासी मदनिका हिला दास्यातून सोडविण्यासाठी तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. भिंतीला पाडावयाच्या भोकाचा आकार कोणता असावा, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो आणि मोजमापासाठी आपल्या यज्ञोपवीताचाच दोरीसारखा उपयोग करतो. पुढे मदनिकेने जाब विचारला असता, आपण कोणाची चोरी करीत नाही याची यादीच तो तिला ऐकवितो. अधिक लक्षणीय आहे ती चारुदत्ताची प्रतिक्रिया. घर फुटल्याचे कळताच तो प्रथम त्या भोकाची रेखीव घडण पाहून प्रसन्न होतो. गो. ब. देवल यांच्या संगीत मृच्छकटिकामुळे हा प्रसंग मराठी प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला. दंडीच्या दशकुमारचरितातील अपहारवर्मा हा राजपुत्रांच्या परिवारातील तरुण तर चंपानगरीतील कृपणांना लुटून त्यांना संपत्तीच्या नश्वरतेचा धडा देण्याचे ठरवितो. या पात्रांचा आणि आधुनिक यूरोपीय कथांचा परस्परसंबंध दाखविता येत नाही. तथापि कुल, कौशल्य आणि आचारनियम ही संभावित चोराची तिन्ही लक्षणे शर्विलकात आढळतात, हे नमूद करण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये वादाला तोंड फुटले ते रंगभूमीवर. जॉन गे याच्या द बेगर्स ऑपेरा (१७२८; म. शी. भिकाऱ्याची संगीतिका) या नाटकाचा नायक मॅकहीथ हा वाटमाऱ्या आहे, आणि त्याचे वर्तन दरबारी मंडळींच्या वर्तनाहून फारसे निराळे नाही, असा त्या नाटकाचा उपरोध आहे. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. धर्मोपदेशकांनी व दंडाधिकाऱ्यांनी त्याचा निषेध केला. लंडनचे दंडाधिकारी सर जॉन फील्डिंग यांनी १७७३ मध्ये त्याचे प्रयोग थांबवावेत, अशी नटश्रेष्ठ डेव्हिड गॅरिक यास विनंती केली होती. सॅम्युएल जॉन्सन याने मात्र गेच्या चरित्रात या भीतीची थोडक्यात वासलात लावली : वाटमारे व घरफोडे नाट्यगृहात क्वचितच जातात, आणि रंगभूमीवर मॅकहीथ सुटलेला पाहिल्यामुळे आपणही लुटारू होऊन निर्वेध राहू असे कोणास वाटेल, हे संभवत नाही. जॉन्सनचे हे मत व्यवहारी असले, तरी त्यात एक गृहीत आहे. नाटक पाहणारा आणि चोरी करणारा हे दोन वेगळ्या वर्गांतील असणार, असे ते गृहीत होय.

साक्षरतेच्या प्रसारानंतर हे गृहीत टिकले नाही. विल्यम हॅरिसन एन्सवर्थ याच्या जॅक शेपर्ड (१८३९) या कादंबरीने अठराव्या शतकातील एका प्रत्यक्ष चोराला नायकपद दिले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांचा त्यांच्या कूर्व्हाझ्ये नावाच्या नोकराने खून केला आणि ही कादंबरी वाचून त्याला ती बुद्धी झाली, असे वृत्तपत्रांतून गाजले. एन्सवर्थने त्याचा इन्कार केला. तथापि त्या नावाच्या नाटकांना परवाने नाकारले जाऊ लागले. थॅकरी याने कॅथरिन (१८३९-४०) ही कादंबरी अशा लेखनाचे विडंबन म्हणूनच लिहिली. उमरावाचा नोकर चोराची कथा वाचतो, ही गोष्ट त्या काळच्या प्रतिष्ठित वाचकाला कथेतील चोरीपेक्षाही अधिक अस्वस्थ करणारी होती. नायक स्वतःच प्रतिष्ठित वर्गातला निघाल्यावर ही अस्वस्थता बरीच ओसरली, ही पुढच्या इतिहासातील मोठी गंमत आहे.

ग्रँट ॲलन याच्या ॲन आफ्रिकन मिल्यनेर (१८९७; म. शी. आफ्रिकेतील लक्षाधीश) या कथामालेत कर्नल क्ले हा बहुरूपी ठक एकाच अतिश्रीमंत उद्योगपतीला पुनःपुन्हा फसवितो. खरा लक्षाधीश अधिक लबाड की त्याला फसविणारा, हा प्रश्न या कथा उघडच विचारतात. कर्नल क्लेची लोकप्रियता मात्र मर्यादित राहिली.

रॅफल्स : अर्नेस्ट विल्यम हॉर्नंग (१८६६–१९२१) हा या प्रकाराचा खरा प्रवर्तक. दमा आणि अधू दृष्टी यांमुळे त्याला तरुणपणी प्रकृतीसाठी ऑस्ट्रेलियात पाठविण्यात आले. १८८४ ते १८८६ या काळातील तेथील अनुभवांचा त्याने आपल्या लेखनात भरपूर उपयोग केला. पुढे स्टिंगॅरी (१९०५) या पुस्तकात त्याने एक संगीतप्रेमी ऑस्ट्रेलियन वाटमाऱ्याही उभा केला. १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याच्या बहिणीशी त्याचा विवाह झाला. ए. जे. रॅफल्सची पहिली कथा १८९८ मध्ये कॅसल्स मॅगझीनमध्ये प्रसिद्ध झाली. द अमॅच्युअर क्रॅक्समन (१८९९, म. शी. हौशी घरफोड्या), द ब्लॅक मास्क (१९०१, म. शी. काळा मुखवटा) आणि अ थीफ इन द नाइट (१९०५, म. शी. रात्रीचा चोर) हे तीन संग्रह मिळून २६ कथा आणि मिस्टर जस्टिस रॅफल्स (१९०९) ही कादंबरी एवढाच रॅफल्सचा मूळ संसार आहे. पहिले पुस्तक हॉर्नंगने आपल्या मेहुण्यालाच अर्पण केले व अर्पणपत्रिकेत, अनुकरण हीही एक स्तुतीच, अशा अर्थाची सूचना केली.

साम्य उघड आहे. वॉटसनच्या जागी येथे बनी मँडर्स हा निवेदक असून शाळेत असताना तो रॅफल्सची वरकामे करीत असे. पत्त्यांच्या जुगारात हरलेल्या पैशापोटी त्याने खोटे धनादेश दिले आहेत आणि आत्महत्येच्या विचाराने तो रॅफल्सकडे येतो. रॅफल्स त्याला मदतीचे आश्वासन देतो आणि त्याच रात्री त्याला घेऊन बाँड स्ट्रीटवरील एका जवाहिऱ्याची पेढी फोडतो. तोवर रॅफल्सही आपल्यासारखाच कफल्लक आहे, हे बनीला ठाऊक नसते. पिकॅडिलीतील ‘ऑल्बनी’ या प्रतिष्ठित इमारतीत राहणारा, उत्तम क्लबांचा सदस्य आणि इंग्लंडमधील नामांकित फिरकी गोलंदाज असलेला हा गृहस्थ उत्पन्नाचे कोणतेही दृश्य साधन नसता कसा जगतो, असा प्रश्न त्याच्या वर्तुळात कोणी विचारीत नाही. हा प्रश्न न विचारणे हाच मुळी त्या वर्तुळाचा शिष्टाचार होता, आणि रॅफल्सची सारी सुरक्षितता त्यावर उभी आहे.

‘हौशी’ हा शब्द पुस्तकाच्या नावात निष्कारण आलेला नाही. इंग्लिश क्रिकेटमध्ये हौशी खेळाडू म्हणजे ‘जंटलमेन’ आणि मोबदला घेणारे ते ‘प्लेयर्स’, असा भेद होता. त्यांच्यात १८०६ पासून सामने होत आणि ही प्रथा १९६२ मध्ये बंद झाली. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या व मैदानावर येण्याची दारेही वेगळी असत. हॉर्नंगच्या ‘जंटलमेन अँड प्लेयर्स’ या कथेत रॅफल्सला एका उमरावाच्या वाड्यावर क्रिकेट खेळण्यासाठी बोलाविले जाते. केवळ खेळासाठी, म्हणजे जवळजवळ भाडोत्री खेळाडूप्रमाणे आपल्याला बोलाविले, हे त्याला झोंबते आणि ज्या यजमानाचे मीठ खाल्ले त्याच्या घरी चोरी करावयाची नाही, या नियमाचे बंधन त्यामुळे सैल होते. त्याच रात्री लंडनच्या धंदेवाईक चोरांची एक टोळी वाड्यावर येते. टोळीचा म्होरक्या क्रॉशे पकडला जातो. त्या गडबडीत एका वृद्ध सरदारपत्नीचा हार रॅफल्सच्या खिशात जातो. व्यावसायिक तुरुंगात आणि हौशी पुन्हा मैदानावर, ही या कथेची रचना वाचताना मौजेची वाटते. मौज ओसरल्यावर मात्र तिच्यात दोन वर्गांना लागू होणारे दोन न्याय स्पष्ट दिसतात. हॉर्नंगला ते दिसत नव्हते, असे म्हणता येणार नाही. पुढे डार्टमूरच्या तुरुंगातून पळालेला क्रॉशे रॅफल्सच्या ऑल्बनीतील खोलीत येऊन उभा राहतो आणि रॅफल्सला त्याची मदत करावी लागते, अशी कथाही त्याने लिहिली.

पहिल्या संग्रहाच्या शेवटी पकडला गेलेला रॅफल्स बोटीवरून समुद्रात उडी घेतो आणि बनी तुरुंगात जातो. डॉइलला होम्स जसा पुन्हा जिवंत करावा लागला, तसाच हॉर्नंगलाही रॅफल्स. किंबहुना रॅफल्सचे पुनरागमन होम्सच्या आधी झाले. दुसऱ्या संग्रहात त्याचे क्लब आणि क्रिकेट सुटलेले आहे. तो आजारी, वेषांतर करून लपतछपत राहणारा असून अखेरीस बोअर युद्धात साधा शिपाई म्हणून मारला जातो. वाचकांनी या मरणालाही जुमानले नाही; तिसऱ्या संग्रहात लेखकाला मागे वळून पूर्वायुष्यातील चोऱ्या सांगाव्या लागल्या. जाता जाता असे म्हणावेसे वाटते, की युद्धातील मरणाने सारे धुऊन निघते ही कल्पना कथेत सुलभ असते; १९१५ मध्ये हॉर्नंगचा एकुलता एक मुलगा ईप्रच्या रणभूमीवर पडला, त्यानंतरचे त्याचे लेखन वेगळ्या सुराचे आहे.

आद्य वाचकांचे आक्षेप : रॅफल्सचा पहिला टीकाकार घरातलाच होता. डॉइलने मेमरीज अँड ॲड्व्हेंचर्स (१९२४) या आत्मचरित्रात या कथांच्या कलागुणांची मनापासून प्रशंसा केली आहे. परंतु गुन्हेगाराला नायक करणे धोक्याचे आहे, असे आपण कथा लिहिण्यापूर्वीच हॉर्नंगला बजावले होते, असेही त्याने नमूद केले आहे. हा आक्षेप परिणामाविषयीचा आहे. वाचक अनुकरण करील, ही जॅक शेपर्डच्या काळातील जुनीच भीती तो मांडतो.

गि. कि. चेस्टरटन याने याहून खोल जाणारा आक्षेप घेतला. त्याच्या मते खरे अद्‌भुत चोरात नसून पोलिसात आहे. चोर हा माकडालांडग्यांच्या जुन्या चालीने जाणारा एक सनातनी प्राणी असून नागरी समाज टिकवून धरणे हेच मोठे साहस होय. हा विचार त्याने १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेरकथेच्या समर्थनपर निबंधात मांडला. पुढे फादर ब्राउनच्या कथांत त्याने फ्लँबो हा दिमाखदार, खेळकर फ्रेंच चोर निर्माण केला. ‘द फ्लाइंग स्टार्स’ (१९११) या कथेत झाडावर चढून बसलेल्या या चोराला पाद्री खालून सांगतो, की चांगुलपणाची एक पातळी माणूस राखू शकतो, पण वाईटपणाची एकच पातळी आजवर कोणालाही राखता आलेली नाही. ती वाट खालीच उतरत जाते. त्या रात्रीच्या गमतीदार चोरीचा आळ एका निरपराध, गरीब तरुणावर येणार आहे, हेही तो दाखवून देतो. फ्लँबो हिरे खाली टाकतो आणि त्यानंतर चोरी सोडून देतो. संभावित चोराच्या कथांत न सांगितला जाणारा भाग नेमका हाच आहे. हार नाहीसा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या पेट्या उघडल्या जातात, कोणत्या दासीची नोकरी जाते, हे या कथांतून वाचकाला सहसा कळत नाही. चेस्टरटनने तो प्रश्न कथेच्या आतून विचारला. या विषयावरील सर्व टीकेत हा आक्षेप सर्वांत न्याय्य ठरतो.

आर्सेन ल्यूपँ : फ्रान्समध्ये झ से तू (म. शी. मला सारे ठाऊक) या नियतकालिकाचा प्रकाशक प्येअर लाफित याच्या सूचनेवरून मोरीस लब्लां (१८६४–१९४१) याने जुलै १९०५ मध्ये एक कथा लिहिली. तिच्या शेवटी नायक आर्सेन ल्यूपँ पकडला जातो. पुढच्या कथा मागितल्यावर, नायक तुरुंगात आहे, अशी अडचण लब्लांने सांगितली आणि मग त्याने तुरुंग फोडावा, असे प्रकाशकाने उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. ल्यूपँने तुरुंग फोडला आणि लब्लां जन्माचा त्याच्याशी जखडला गेला. १९०७ च्या पहिल्या संग्रहाच्या शीर्षकातच ‘संभावित घरफोड्या’ ही उपाधी होती. १९०६ च्या एका कथेत शेरलॉक होम्सच अवतरला. डॉइलकडून हरकत आल्यावर त्याचे नाव ‘हर्लॉक शोम्स’ असे फिरविण्यात आले. पोकळ सुई (१९०९) आणि ८१३ (१९१०) या कादंबऱ्यांत ल्यूपँ फ्रान्सच्या राजांचा गुप्त खजिना व यूरोपीय राजकारण यांपर्यंत पोहोचतो. नॉर्मंडीतील एत्रता येथील लब्लांच्या घरात १९९९ मध्ये संग्रहालय स्थापन झाले आहे.

रॅफल्स व ल्यूपँ यांना एकाच माळेत ओवण्याची प्रथा आहे. ती काहीशी दिशाभूल करणारी आहे. रॅफल्स जन्माने संभावित असून चोर झालेला आहे. ल्यूपँ चोर असून संभावितपणा हे त्याच्या असंख्य वेषांतरांपैकी एक आहे. ‘राणीचा कंठा’ या कथेत त्याच्या बालपणाचे रहस्य उलगडते. एका उमराव घराण्यात त्याची निर्धन आई आश्रित म्हणून, खरे तर मोलकरणीसारखी राहत असते. सहा वर्षांचे ते पोर त्या घराचा ऐतिहासिक कंठा पळविते आणि त्याचे पैसे गुप्तपणे आईला पुरविते. वर्षांनंतर तोच मुलगा पाहुणा म्हणून त्या घरी येऊन चोरी कशी झाली असेल, ते यजमानांना समजावून सांगतो. रॅफल्सच्या जगात असा प्रसंग अशक्य होता. अराजकवादी चोर मार्यूस झाकोब याच्यावर मार्च १९०५ मध्ये आम्यँ येथे खटला चालला होता. परोपजीवी श्रीमंतांनाच आपण लुटतो, असे त्याचे म्हणणे होते. तो ल्यूपँचा मूळ नमुना होता, असे काही अभ्यासक सुचवितात. तसा पुरावा नसला, तरी त्या खटल्याच्या वार्ता वाचलेल्या फ्रेंच वाचकाला चार महिन्यांनी अवतरलेला ल्यूपँ सर्वस्वी अनोळखी वाटला नसावा.

ल्यूपँच्या वाचकांत झां-पॉल सार्त्र याचा उल्लेख आवश्यक आहे. ले मो (१९६४, म. शी. शब्द) या आत्मकथनात तो सांगतो, की बालपणी ल्यूपँवर आपली भक्ती होती, मात्र या नायकाचे अचाट बळ, त्याचे उपहासपूर्ण धैर्य आणि त्याची अस्सल फ्रेंच बुद्धी ही १८७० मधील फ्रान्सच्या पराभवाची देणगी आहे, हे तेव्हा आपल्याला कळत नव्हते. प्रशियाकडून हरलेल्या राष्ट्राने कथेत तरी सर्वांना चकवून घेतले, असा त्याचा अभिप्राय आहे. इटलीमध्ये फॅसिस्ट तुरुंगात लिहिलेल्या टिपणांत आंतोनिओ ग्राम्शी याने लोकप्रिय कादंबऱ्यांतील अतिमानवाचा माग द काउंट ऑफ माँटे क्रिस्टोपर्यंत नेला. या दोघांनीही नीती-अनीतीचा प्रश्न बाजूला ठेवून, असा नायक कोणाची भूक भागवितो, हा प्रश्न पुढे आणला.

रंगभूमी व चित्रपट : हॉर्नंगने यूजीन प्रेस्ब्री याच्या सहकार्याने लिहिलेले नाटक १९०३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व १९०६ मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आले; लंडनमध्ये जेरल्ड द्यू मॉर्ये याने रॅफल्सची भूमिका केली. जॉन बॅरिमोर (१९१७), रॉनल्ड कोलमन (१९३०) आणि डेव्हिड निव्हन (१९३९) यांनी तो पडद्यावर साकार केला. यांतील शेवटच्या दोहोंची तुलना उद्‌बोधक आहे. कोलमनचा रॅफल्स पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटतो. निव्हनच्या वेळेपर्यंत हॉलिवुडची नीतिसंहिता सक्तीने लागू झाली होती, त्यामुळे त्याला अखेर कायद्याच्या स्वाधीन होण्याची तयारी दाखवावी लागते. बाकी दोन्ही चित्रपट पुष्कळसे सारखेच आहेत.

ऑर्वेलचा निवाडा : जॉर्ज ऑर्वेल याचा ‘रॅफल्स अँड मिस ब्लँडिश’ हा निबंध ऑक्टोबर १९४४ मध्ये होरायझन या मासिकात प्रसिद्ध झाला. जेम्स हॅड्ली चेस याच्या नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश (१९३९) या क्रूर कादंबरीशी त्याने रॅफल्सची तुलना केली. त्याच्या मते रॅफल्सला धर्म नाही, सामाजिक जाणीव नाही आणि खरा नीतिविचारही नाही. त्याच्यापाशी आहेत त्या फक्त काही गोष्टी ‘करावयाच्या नसतात’ अशा सहज प्रतिक्रिया. मित्राला दगा द्यावयाचा नाही, यजमानाला लुटावयाचे नाही, स्त्रीशी व देशाशी अप्रामाणिक व्हावयाचे नाही. या मर्यादा वाचक आणि नायक दोघांनाही न सांगता मान्य होत्या. चेसच्या कादंबरीत मात्र बळ हेच एकमेव मूल्य उरले आहे. म्हणून प्रतिष्ठेचे वेड हेसुद्धा ढोंगाप्रमाणेच वर्तनाला आवर घालणारी एक शक्ती असते आणि तिचे सामाजिक मोल कमी लेखले गेले आहे, असा विलक्षण निष्कर्ष त्याने काढला. वर्गभेदाचा आयुष्यभर तिरस्कार केलेल्या समाजवादी लेखकाने हे लिहावे, हे महायुद्धाच्या त्या वर्षांत त्याला हुकूमशाहीचे भय किती वाटत होते त्याचे गमक आहे.

ऑर्वेलचा निबंध या विषयावरील सर्वांत प्रभावी लेखन ठरला. तथापि त्याचा निवाडा पूर्णपणे स्वीकारणे कठीण आहे. रॅफल्सची एकमेव हत्या एका परकीयाची आहे, हे ऑर्वेलने स्वतःच मिस्किलपणे नोंदविले आहे. पण त्यातून निघणारा अर्थ त्याने पुढे नेला नाही. रॅफल्सच्या मर्यादा त्याच्या वर्गापुरत्याच आहेत. ज्याच्या घरी रॅफल्स निःशंकपणे चोरी करतो तो दक्षिण आफ्रिकेतून हिरे कमावून आलेला रोझेंथॉल, आणि शेवटच्या कादंबरीतील सावकार लेव्ही, ही दोन्ही पात्रे ज्यू असून त्यांचे चित्रण तत्कालीन द्वेषमूलक साच्यातले आहे. त्यांना लुटताना ‘न करावयाच्या गोष्टी’ आड येत नाहीत. ज्याला सभ्य मानले जात नाही, त्याच्याशी सभ्यपणे वागण्याचे बंधन नाही, असा हा आचारधर्म होता. ऑर्वेलने ज्यात संयम पाहिला, त्यात हा अपवादही अंगभूत होता.

उत्तरकालीन प्रवाह : दोन महायुद्धांच्या दरम्यान चोराला अधिकाधिक परोपकारी करण्याकडे लेखकांचा कल झाला. लेस्ली चार्टरिस याचा सायमन टेंप्लर ऊर्फ ‘द सेंट’ १९२८ मध्ये अवतरला. तो प्रामुख्याने दुर्जनांनाच लुटतो व शासन करतो. मूळ रॅफल्स लूट गरिबांना वाटीत नसे. तो चैनीने राहण्यासाठी आणि कलेच्या आनंदासाठी चोरी करी. ब्रिटिश वस्तुसंग्रहालयातून लांबविलेला सोन्याचा पेला त्याने दान केला, तोही व्हिक्टोरिया राणीला, तिच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त. बॅरी पेरोन याने १९३३ पासून रॅफल्सच्या नव्या कथा लिहिल्या. ग्रेअम ग्रीनचे द रिटर्न ऑफ ए. जे. रॅफल्स हे नाटक १९७५ मध्ये रंगभूमीवर आले. ऑस्कर वाइल्डवरील १८९५ च्या खटल्यांनंतर अवघ्या तीन वर्षांनी लिहिलेल्या या कथांतील रॅफल्स व बनी यांच्या जवळिकीकडे, आणि त्यांच्या दुहेरी, लपवून ठेवलेल्या जीवनाकडे अलीकडच्या समीक्षकांनी लक्ष वेधले आहे.

जपानमध्ये एदोगावा राम्पो याने १९३६ मध्ये एका मुलांच्या मासिकातून वीस चेहऱ्यांच्या बहुरूपी चोराची कथामाला सुरू केली. बालसाहित्याच्या संकेतांना ‘चोर’ हे अक्षर रुचणारे नसल्याने शीर्षकात त्याऐवजी ‘मनुष्य’ हे अक्षर घालावे लागले, असे सांगतात. तेथेच १९६७ पासून ल्यूपँच्या नातवाची चित्रकथा लोकप्रिय झाली. जानेवारी २०२१ मध्ये प्रसारित झालेल्या ल्यूपँ या फ्रेंच दूरचित्र मालिकेचा नायक आसान दियॉप हा सेनेगलहून आलेल्या एका नोकराचा मुलगा आहे. चोरीच्या खोट्या आळामुळे त्याच्या बापाचा जीव जातो आणि बापाने दिलेले लब्लांचे पुस्तक वाचूनच तो चोरी शिकतो. चेस्टरटनने दाखविलेला, आळ येणारा निरपराध माणूस येथे कथेच्या मध्यभागी आला आहे आणि ‘राणीचा कंठा’ या कथेतील आश्रित आईच्या जागी नोकर बाप. मालिकेनंतर लब्लांच्या मूळ पुस्तकांना फ्रान्समध्ये नव्याने मागणी आली.

भारतीय भाषांत हा नायक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला. बंगालीत शशधर दत्त यांचा दस्यू मोहन प्रसिद्ध आहे. मराठीत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी धनंजय या गुप्तहेराबरोबरच झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करणारे नायक निर्माण केले. वाचनालयांतून या पुस्तकांवर अक्षरशः उड्या पडत. समीक्षकांनी मात्र त्यांची दखल क्वचितच घेतली. रॅफल्सला ज्या शाळांनी, क्लबांनी व क्रिकेटच्या संघांनी आधीच ‘संभावित’ ठरवून ठेवले होते, त्या संस्थांना मराठी वाचकाच्या जगात तसे वजन नव्हते. त्यामुळे मराठीतील या नायकाला आपले साधुत्व कुळावरून किंवा पोशाखावरून नव्हे, तर तो कोणाला लुटतो आणि लुटीचे पुढे काय करतो यावरूनच सिद्ध करावे लागले. लूट स्वतःच्या चैनीसाठी ठेवून घेणारा रॅफल्सच्या धर्तीचा नायक मराठीत रुजला नाही.